पहिले चाक

"मामा, पहिलं चाक कोणतं घेऊ?"

भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मला वाटले, पोराने सायकल दुरुस्तीला काढली असावी. गेल्या श्रावणात मी बहिणीकडे गंजाडला गेलो होतो. डहाणू रोड स्टेशनावर उतरून आशागडच्या रस्त्याने गंजाडला पोचेपर्यंत पावसाने मला पुरते धुऊन काढले होते. अंग पुसून ओटीवर बसलो, चहाचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच हा प्रश्न. मी म्हणालो, "पुढचं की मागचं?" यावर तो इतका हसला, की काय झाले म्हणून बहीण आतून पाहायला आली.

चाक म्हणजे स्टीअरिंग; आणि तेही मोटारीचे नव्हे, टेबलाचे! हल्ली सिम रेसिंग नावाचा एक छंद तरुण मंडळींत चांगलाच रुजला आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोटारींची शर्यत चालते. पण ती बोटांनी बटणे दाबून खेळायची नाही. टेबलाला खरोखरीच्या आकाराचे स्टीअरिंग आवळून बसवायचे, पायाखाली ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर ठेवायचे, आणि मग युरोपातल्या नाहीतर जपानातल्या एखाद्या शर्यतीच्या रस्त्यावर गाडी हाकायची. गाडी नाही, रस्ता नाही, पेट्रोल नाही. तरी हाकणाऱ्याच्या कपाळावर घाम मात्र खरा. माझा भाचा बोईसरच्या एका कारखान्यात उमेदवारी करतो. वर्षभर मन मारून त्याने पंचवीस हजार रुपये साठवले होते. जुना का होईना, कॉम्प्युटर त्याच्याकडे होता. आता चाक हवे होते.

भावोजी तिथेच पान जमवीत बसले होते. वीस वर्षे त्यांनी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर टेम्पो चालवला आहे. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतले चिकू त्यांच्या टेम्पोतून मुंबईच्या बाजाराला जातात. त्यांनी शांतपणे विचारले, "तिथं गाडी आपटली तर काय होतं?"

"काही नाही. एक बटण दाबलं की गाडी पुन्हा रस्त्यावर."

"मग ते चालवणं कसलं?" एवढेच बोलून भावोजी उठले आणि पावसात टेम्पोची ताडपत्री आवळायला निघून गेले.

माझ्यापुढे असे दोन प्रश्न उभे राहिले. एक मुलाचा: कोणते चाक घ्यावे? दुसरा बापाचा: चुकीला जिथे किंमतच नाही, तिथे माणूस काय शिकणार? पहिला प्रश्न बाजाराचा आणि दुसरा नीतीचा, अशी माझी तेव्हा समजूत होती. पुढे चार दिवस त्या घरात राहिल्यावर लक्षात आले, की हा मुळात एकच प्रश्न आहे आणि तो केवळ त्या बापलेकांचा नाही. मुलाच्या हातात पहिली पेटी, पहिला कॅमेरा, पहिला रंधा देताना प्रत्येक घरात तो निघतोच.

पहिले साधन घेताना वडीलधाऱ्यांकडून दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "साधंसंच घे. टिकलास तर पुढे चांगलं घे." दुसरा म्हणतो, "एकदाच काय ते चांगलं घे. वाईट हत्यारानं हात बिघडतो." दोन्ही सल्ल्यांत अनुभव आहे, आणि दोन्हींत थोडी लबाडीही आहे. पहिल्या सल्ल्यामागे पुष्कळदा पोराच्या चिकाटीवरचा अविश्वास दडलेला असतो, आणि दुसऱ्यामागे आपल्या ऐपतीचे प्रदर्शन. "नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण आपण नाचणाऱ्याला हिणवायला वापरतो. पण अंगण खरोखरच वाकडे असते, असेही कधी कधी घडते. शिकाऊ माणसाची अडचण ही, की चूक आपल्या पायाची की अंगणाची, हे त्याला ओळखता येत नाही. ते ओळखता येणे हेच तर शिक्षण! म्हणून पहिल्या अंगणाकडून माझी अपेक्षा माफक आहे. ते संगमरवरी नसले तरी चालेल, सरळ मात्र असावे.

भाच्याने मग मला या चाकांची सगळी बाराखडी शिकवली. ती वाचकांनाही थोडक्यात सांगितली पाहिजे. कारण पुढचा सगळा विचार तिच्यावरच उभा आहे.

सर्वांत स्वस्त चाके असतात ती नुसती खेळणी. त्यांच्या पोटात एक स्प्रिंग किंवा रबराचा पट्टा असतो. चाक फिरवले की तो ते मधल्या जागी परत ओढतो. गाडी उभी असो, धावत असो, चिखलात रुतलेली असो, ओढ तीच. त्यांच्या वरच्या पायरीवर मोटर असलेली चाके येतात. पडद्यावरच्या गाडीच्या टायरांवर त्या क्षणी कोणता जोर येत असेल याचे गणित कॉम्प्युटर एकसारखे मांडत असतो आणि त्याप्रमाणे मोटर चाकाला ओढ देते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. मी त्याला 'हाताला मिळणारे उत्तर' म्हणेन. हे उत्तर हातापर्यंत पोचवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. मोटर लहान, आणि तिचा जोर दातेरी चाकांनी वाढवलेला, ही पहिली. २०१५ साली आलेले लॉजिटेकचे जी २९ हे या जातीचे नावाजलेले चाक. ते अडीच वेढे, म्हणजे ९०० अंश फिरते. त्यात दात्यांची किंचित खरखर हाताला जाणवते. दुसऱ्या तऱ्हेत दात्यांऐवजी पट्टा असतो. हात मऊ चालतो. तिसरीत मधे काहीच नसते, चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेले. तिला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. पूर्वी ही चैन धनिकांचीच होती. २०२१ साली फनाटेक कंपनीने सीएसएल डीडी हे लहान चाक आणले, त्यानंतर मोझासारख्यांनीही तसली चाके काढली, आणि सामान्य माणसालाही ती मनात आणता येऊ लागली. मनात आणता येऊ लागली, एवढेच. कारण दात्यांच्या चाकाच्या किमतीहून या वस्तू बऱ्याच महाग पडतात.

जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दात्यांच्या चाकाचा जोर दोनाच्या जरा वर आणि लहान डायरेक्ट ड्राइव्हचा पाचाच्या आसपास. याचा साधा अर्थ असा, की वीतभराहून थोडे मोठे चाक हातात असेल तर पहिले दीडएक किलोने हात ओढील आणि दुसरे साडेतीन किलोने. भाच्याचे सगळे लक्ष या आकड्यावर खिळले होते. "मामा, पाच म्हणजे पाच!" पैलवानाच्या वजनाविषयी बोलावे तसा तो बोलत होता.

त्याच्या एका मित्राच्या घरी, बोईसरला, दात्यांचे एक जुने चाक होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. "चला, बघून तर येऊ," म्हणून मी भावोजींनाही ओढले. ते आले, पण दारात उभे राहूनच पाहत होते. मित्राने चाक पूर्ण जोरावर लावून ठेवले होते. मी बसलो, पहिल्याच वळणावर गाडी गवतात घातली आणि हात झटकत उठलो. तेव्हा तो मित्र एक गोष्ट बोलून गेला. चाकाचा जोर अखेरपर्यंत वाढवून ठेवला तर मोटर आपल्या मर्यादेला जाऊन टेकते. मग मोठा खड्डा आणि त्याहून मोठा खड्डा, जोराचे वळण आणि त्याहून जोराचे वळण, सगळे हाताला सारखेच लागते. इंग्रजीत याला क्लिपिंग म्हणतात. त्याने मग जोर कमी करून दाखवला. चाक हलके झाले, आणि नवल असे, की आता त्यातून रस्त्याच्या कितीतरी बारीक गोष्टी कळू लागल्या!

मला तेव्हा शाळेतले आमचे एक मास्तर आठवले. ते नेहमी ओरडूनच बोलत. त्यामुळे खरोखर संतापण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्यापाशी वरचा स्वर उरलेलाच नसे, आणि आम्हीही घाबरत नसू. आमच्या चित्रकलेच्या बाई मात्र हळू बोलत. त्यांची नुसती भुवई वर गेली की वर्ग चिडीचूप. जोर आणि अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे घरात, वर्गात आणि सभेत आपण रोज अनुभवतो, आणि दुकानात गेलो की विसरतो.

जोर कमी केल्यावर भावोजी कधी पुढे सरकले ते कळले नाही. "बघू," म्हणाले आणि बसले. मुलांनी पडद्यावर पाऊस लावला. दोन वळणे नीट गेली. तिसऱ्या वळणाला भावोजींचे खांदे एकदम सैल पडले, हात किंचित सरळ झाले, पाय उचलला गेला, आणि गाडी डुलत डुलत रस्त्यावरच राहिली. पोरे ओरडली, "काका, जमलं कसं?"

"चाक हलकं पडलं ना," भावोजी म्हणाले. "हलकं पडलं की समजायचं, पुढची चाकं रस्ता सोडताहेत. मृगाच्या पहिल्या पावसात तेल वर आलेल्या रस्त्यावर असंच होतं. तेव्हा आणखी वळवायचं नसतं. थोडं सोडायचं असतं." मग त्या चाकाकडे पाहत, जरा नाराजीनेच, त्यांनी कबूल केले, "हे खोटं नाही बोलत."

या चार शब्दांसाठी मी त्या चाकाचा ऋणी आहे. मोटारीच्या पुढच्या टायरांची पकड असते तोवर ती चाके सरळ व्हायला बघतात आणि ती ओढ स्टीअरिंगमधून हाताला लागते. पकड सुटू लागली की ओढ कमी होते. नवशिक्याला वाटते, बरे झाले, सोपे झाले; आणि तो चाक आणखी वळवतो. जाणत्याला त्याच हलकेपणात धोक्याची घंटा ऐकू येते. आयुष्यात एखादी कठीण गोष्ट एकाएकी सोपी झाली, तर आपण पेढे वाटतो. आपली पकड तर सुटत नाही ना, असे त्या क्षणी विचारणारा हात फार थोड्यांना लाभतो. स्प्रिंगचे खेळणे हा हात कधीच घडवू शकणार नाही. कारण गाडी घसरत असतानाही ते पूर्वीच्याच इमानाने, म्हणजे बेइमानीने, हात ओढत राहते. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातातला कासरा कधी असा नसतो. बैल बिचकला, अडला, थकला, प्रत्येक वेळी कासऱ्याला लागणारी ओढ निराळी. दोरी अगदी साधी असेल. पण तिच्या दुसऱ्या टोकाला खरा बैल आहे, म्हणून ती खरे बोलते.

माझ्या मनात एक वाक्य तयार झाले ते इथेच: पहिले साधन दुबळे चालेल, खोटे चालणार नाही. दुबळे साधन थोडे सांगते, पण जे सांगते ते खरे. त्याच्यापाशी शिकलेला माणूस उद्या चांगल्या साधनाशी बसला तर त्याला नवे शब्द तेवढे शिकायचे असतात, भाषा तीच. खोट्या साधनापाशी शिकलेल्याला मात्र सगळे पुसून पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागतात. हाताची सवय पुसणे हे पाटी पुसण्याइतके सोपे नाही.

या वाक्याचा दाखला शोधायला गंजाड सोडून जावे लागत नाही. जिव्या सोमा म्हसे याच गंजाडचे. लहानपणी आई गेली, मुलाने बोलणे सोडले आणि तो धुळीत बोटांनी चित्रे काढून आपले मन सांगू लागला, अशी त्यांची हकीकत सांगतात. त्यांचे पहिले साधन बोट, आणि पहिला कागद धूळ! वारली घरात लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. म्हश्यांनी ही चित्रे लग्नाच्या वेळेपुरती न ठेवता रोज काढायला घेतली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांना हेरले, कागद आणून दिला, आणि चित्र भिंतीवरून कागदावर उतरले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, आणि २०१८ च्या मे महिन्यात मृत्यू. तोवर गंजाडचे नाव जगातल्या कलादालनांत पोचले होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की बांबूची काडी फुकटची होती, पण खोटी नव्हती. हात थरथरला तर रेघ थरथरते, रंग पातळ झाला तर ओघळतो. चूक झाकायला ती काडी मदत करीत नाही. धूळसुद्धा करीत नाही.

भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने चतुर शंका काढली. "म्हणजे मी स्वस्तच घेऊ?" तसे नाही. किंमत हा इथे खरेपणाचा पुरावा नव्हे, आणि खोटेपणाचाही नव्हे. पैसा कुठे घातला की सत्य अधिक कळते, हे पाहायचे. मित्राच्या घरी आणखी एक गोष्ट दिसली होती. भावोजींनी ब्रेक दाबला की त्यांची चाकांची खुर्ची मागे पळे, आणि टेबल पुढे सरके. भावोजी म्हणाले, "खरी गाडी थांबवायला मी सीटला पाठ रेटून पाय देतो. इथं खुर्चीच रेटायला नाही." ज्याचे आसन हलते त्याला स्वतःचा जोर कळत नाही. आणि ब्रेकच्या पेडलचेही तसेच. साध्या पेडलात पाय किती खाली गेला, हे अंतर मोजले जाते. जरा महाग पेडलात लोड सेल नावाचा भाग असतो; तो पायाने किती दाब दिला ते मोजतो. मोटारीचा ब्रेक खऱ्या अर्थाने दाबाचाच असतो. पेडल थोडेच खाली जाते, पुढचे काम पायाच्या जोराचे. शिवाय शरीराची आठवणही तशीच आहे. डोळे मिटून पाय बरोबर दोन बोटे खाली न्या म्हटले तर चुकतो. कालच्याइतकाच जोर दे म्हटले तर बऱ्यापैकी देतो. म्हणून या छंदातले जाणते लोक सांगतात, की मोटरच्या जोरावर पैसे उधळण्याआधी आसन पक्के करा, मग ब्रेक सुधारा, मोटर शेवटी. पण बाजारात मांडणी नेमकी उलटी: मोटरचा आकडा मोठ्या अक्षरांत, पेडलाची माहिती बारीक अक्षरांत, आणि आसनाविषयी अक्षरही नाही. वेग वाढवणारी वस्तू माणूस आनंदाने विकत घेतो. थांबवणारी घ्यायला त्याला कोणीतरी सांगावे लागते.

येथवर मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बापाचा प्रश्न अजून तसाच होता. "खोटं नाही बोलत," असे म्हणून भावोजी त्या खुर्चीवरून उठले खरे, पण परतताना, टेम्पोत, त्यांनी पुस्ती जोडली: "सगळं खरं आहे. भीती तेवढी नाही."

गंजाडहून थोड्याच अंतरावर चारोटी आहे. तिथे सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला आणि मागच्या आसनावरचे दोघे, मिस्त्री आणि जहांगीर पंडोल, जागीच गेले. मागच्या आसनाचे पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ही बातमी देशभर गेली, कारण माणूस मोठा होता. बातमीत न येणारी माणसे त्या रस्त्यावर किती पडली, हे भावोजींसारख्यांना ठाऊक असते. त्यांच्या लेखी वळणाला नाव असते, आणि ते नाव पुष्कळदा गेलेल्या माणसाचे असते. ज्याने ही वळणे पाहिली, त्याला 'बटण दाबलं की गाडी पुन्हा रस्त्यावर' हे वाक्य विनोद म्हणूनही सोसत नाही.

मी त्यांना विमानाची गोष्ट सांगितली. जमिनीवर बसून विमान शिकवणारे यंत्र एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ साली बनवले. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन नावाची वाद्ये बनवण्याचा. त्याच वाद्याचे भाते वापरून त्याने लाकडी विमान डोलायला लावले. लोकांना ते जत्रेतले खेळणे वाटले, आणि काही दिवस ते जत्रांतूनच फिरले. पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपालाची विमाने उडवण्याचे काम आले, आणि धुक्यात, रात्री, वादळात थोड्याच काळात अनेक वैमानिक मेले. तेव्हा लष्कराला त्या खेळण्याची आठवण झाली. तात्पर्य, नकली यंत्राचा मान वाढला तो खऱ्या मरणांमुळे. चूक फुकट करून देणारे यंत्र हवेच. कारण काही चुका एकदाच करता येतात.

भावोजींना हे पटले. पण गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि तीही सांगणे भाग आहे. जॅन मार्डनबरो नावाचा इंग्रज तरुण २०११ साली घरच्या खेळातून निवडला गेला आणि खऱ्या शर्यतीत उतरला. दोनच वर्षांत ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या तुकडीने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळवला. खेळण्यातून शिकलेले कौशल्य खरे असते, याला याहून मोठा पुरावा नको. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर त्याची गाडी उंचवट्यावरून हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली, आणि एक प्रेक्षक मरण पावला. तो अपघात होता. त्यात त्याचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या रस्त्यावर पडद्यात असंख्य माणसे असंख्य वेळा उलटली आणि बटण दाबून पुन्हा उभी राहिली, त्या रस्त्यावर त्या दिवशी बटण नव्हते. हात तोच, कौशल्य तेच, किंमत निराळी.

एकलव्याची गोष्ट मला या संदर्भात नव्याने आठवते. त्याचा गुरू मातीचा होता, धनुष्यबाण मात्र खरे. बाण चुकला तर चुकलेला दिसे. म्हणून मातीच्या गुरूपुढेही विद्या खरी झाली. आमच्या भाच्याचे उलटे आहे. त्याचा गुरू जिवंत म्हणावा इतका जागा आहे, क्षणाक्षणाला हाताला खरे उत्तर देतो. पण बाण मातीचे आहेत. ते कोणालाच लागत नाहीत. मग बाणाचे टोक कुठून आणायचे?

ते आपल्याच मनातून आणावे लागते, याला दुसरा उपाय नाही. खुद्द हे खेळ करणाऱ्यांनाही ते कळलेले दिसते. आयरेसिंग नावाच्या शर्यतीच्या खेळात प्रत्येकाच्या सावधपणाची नोंद ठेवतात. रस्त्याबाहेर गेलात, गाडीवरचा ताबा सुटला, दुसऱ्याला धडकलात, प्रत्येकाचे वेगळे ठपके. ठपके साचले की लायसन्स खालच्या वर्गात जाते, आणि मोठ्या शर्यतींचे दार बंद होते. वेगवान असूनही बेफिकीर असलेल्याला तिथे वर चढता येत नाही. बंदोबस्त चांगला आहे. पण तो बाहेरचा. ठपक्याची भीती आणि माणसाला लागेल ही भीती, या दोन भीती सारख्या नव्हेत. पहिली माणसाला हुशार करते, दुसरी जबाबदार.

शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ओटीवर बसलो आणि निकाल लावला. चाक मोटरचे घ्यायचे, दात्यांचे चालेल, एका वापरलेलेही चालेल; मात्र घेताना हाताने हलवून पाहायचे, की मधल्या जागी फार ढिले तर नाही, आणि ब्रेक दाबताना पडद्यावरची रेघ उड्या तर मारीत नाही. ते आपल्या कॉम्प्युटरला चालते ना, हे आधी विचारायचे; कारण एकाच घराण्यातले जी २९ प्लेस्टेशनला चालते आणि जी ९२० एक्सबॉक्सला, कॉम्प्युटरला दोन्ही चालतात. उरलेले पैसे लोड सेलच्या ब्रेकसाठी बाजूला ठेवायचे. खुर्चीचा प्रश्न भावोजींनी सोडवला. टेम्पोची जुनी सीट मागच्या पडवीत पडली होती; दोन फळ्या ठोकून ती बसवून देईन म्हणाले.

"आणि एक अट," ते मुलाला म्हणाले. "गाडी आपटली की त्या दिवशी खेळ बंद. बटण दाबायचं नाही. चाक सोडायचं, बाहेर यायचं आणि मला सांगायचं, कशी आपटली ते."

"रोज सांगावं लागेल, बाबा!"

"मग रोज सांग. मीही रोज घरी येतो तो सांगण्यासारखं काही झालं नाही म्हणूनच येतो."

यावर कोणी काही बोलले नाही. बहिणीने आत जाऊन दिवा मालवला. बाहेर चारोटीच्या बाजूने येणाऱ्या एका गाडीचा उजेड पागोळ्यांवरून सरकत गेला.

दसऱ्याला भाच्याने फोटो पाठवला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली होती. कोयता, विळा, भावोजींचा जॅक आणि पाने, बहिणीचा खडू-डस्टर. आणि त्यांच्या रांगेत, टेम्पोच्या जुन्या सीटसमोर, ते प्लास्टिकचे काळे चाक. त्यावर झेंडूची माळ. खाली भाच्याने लिहिले होते: "मामा, बाबा आधी म्हणत होते हे हत्यार नाही, खेळणं आहे. मग स्वतःच माळ घातली."

मी उलट विचारले, "किती वेळा आपटली?"

उत्तर आले: "या आठवड्यात चारदा. चारही सांगितल्या. तिसरी ऐकून बाबा म्हणाले, अशी त्यांचीही एकदा सुटली होती. जव्हारच्या घाटात. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. हे आईलाही माहीत नव्हतं."

चाक कोणते घेतले ते मात्र लिहायला तो विसरला. आणि मीही विचारायला विसरलो.